अमोनियाचं जहाज आणि 11 ग्रॅमचा हिशेब

फेब्रुवारी 2024 मध्ये कोचीन शिपयार्डने बांधलेल्या हायड्रोजनच्या प्रवासी बोटीला हिरवा झेंडा मिळाला. तिच्या इंधनघटामागे, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रामागे, पुण्याच्या केपीआयटी कंपनीचं काम आहे. आनंदाचीच गोष्ट. पण अशी बातमी आली की ‘पाण्यावर चालणाऱ्या इंजिना’ची जुनी थाप पुन्हा डोकं वर काढते. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. राख पुन्हा पेटत नाही. पाण्यातून 1 किलो हायड्रोजन सोडवायला 50 ते 55 युनिट वीज लागते. ती ऊन-वाऱ्याची असेल तरच तो हायड्रोजन हिरवा.

नदीतल्या बोटीला सिलिंडरमध्ये दाबून भरलेला वायू पुरतो, समुद्र ओलांडणाऱ्या जहाजाला नाही. हायड्रोजन द्रव करायचा तर उणे 253 अंश लागतात, आणि तरीही इंधन तेलाच्या साडेचारपट जागा जाते. म्हणून त्याला नायट्रोजनशी बांधून अमोनिया करतात. तो उणे 33 अंशांना द्रव होतो आणि जागा तिप्पट घेतो. मात्र तो तांबं-पितळ खातो, त्यामुळे पितळी व्हॉल्व्ह बाद. शिवाय हवेत दहा लाखांत 300 भाग झाला तरी जिवावर बेततं. म्हणून इंजिनरूममध्ये पाइप दुहेरी भिंतीचे.

खरी गंमत सिलिंडरमध्ये आहे. अमोनिया आपणहून पेटायला सुमारे 650 अंश लागतात आणि त्याची ज्योत सेकंदाला जेमतेम 7 सेंटिमीटर सरकते; मिथेनची 35 ते 40. म्हणून आधी थोडं डिझेल फवारून आग लावतात आणि त्या आगीतच अमोनियाचा फवारा सोडतात. जिथे भरपूर उष्णता आहे तिथे नायट्रोजन आणि पाणी मिळतं. सिलिंडरच्या थंड भिंतीलगत मात्र ज्योत अर्धवट विझते. तिथे अमोनियाचा अर्धवट तुटलेला तुकडा, एनएच, ज्वलनातच बनलेल्या नायट्रिक ऑक्साइडला भिडतो आणि नायट्रस ऑक्साइड तयार होतो. उष्णता टिकली तर हा वायू लगेच मोडतो. लोड, म्हणजे इंजिनावरचा भार, कमी असेल तर तसाच धुराड्यातून निसटतो.

आता हिशेब. 1 किलो इंधन तेल जाळलं की सुमारे 3.1 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढ्याच ऊर्जेसाठी सुमारे 2.2 किलो अमोनिया लागतो. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट पृथ्वी तापवतो. म्हणजे 2.2 किलो अमोनियामागे फक्त 11 ग्रॅम नायट्रस ऑक्साइड सुटला, की सगळी कमाई पाण्यात!

धुराड्यात उत्प्रेरक बसवून प्रश्न सुटेल, असं वाटतं. नायट्रिक ऑक्साइडपुरतं ते खरं आहे. शिल्लक अमोनियाच त्याला फोडून नायट्रोजन करतो. पण उरलेला अमोनिया जाळायला प्लॅटिनमचा उत्प्रेरक लावला आणि धूर 200 ते 250 अंशांवरच राहिला, तर नायट्रस ऑक्साइड नेमका तिथेच बनतो. मोठ्या दोन-स्ट्रोक इंजिनांचा धूर टर्बोचार्जरनंतर साधारण एवढाच गरम असतो. म्हणून अशा जहाजाच्या चाचणीत ‘शून्य कार्बन’ या शब्दांवर थांबू नये. 25 टक्के लोडवर दर युनिट ऊर्जेमागे किती ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघाला, तो आकडा मागावा.