पुरीममधली दोन देणी: मित्राची टोपली, गरिबाचा वाटा

पुरीम या ज्यू सणाला, म्हणजे ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याच्या १४ तारखेला, जेरुसलेममध्ये १५ला, ज्यू वस्त्यांतली मुलं टोपल्या घेऊन दारोदार फिरतात. टोपलीत खसखस भरलेली तिकोनी हामानताशेन बिस्किटं, फळं, कधी वाइनची बाटली. हे ‘मिश्लोआख मानोत’, म्हणजे मित्राला वाटे पाठवणं. त्याच दिवशी दुसरंही एक देणं असतं, ‘मतानोत ला-एव्योनिम’, म्हणजे गरिबांना दान. दोन्ही हिब्रू बायबलमधल्या एस्तेरच्या ग्रंथातल्या एकाच वचनातून (९:२२) आली, त्यामुळे टोपल्या वाटल्या की दोन्ही कर्तव्यं पार पडली असं अनेकांना वाटतं. ती पार पडत नाहीत.

वचनात ‘मित्र’ एकवचनी आहे आणि ‘वाटे’ अनेकवचनी, म्हणून एका माणसाला निदान दोन खाद्यपदार्थ द्यायचे. ‘गरीब’ अनेकवचनी, म्हणून निदान दोघांना, प्रत्येकी एक दान. मित्राला अन्नच द्यावं लागतं, तेही लगेच खाता येईल असं. गरिबाला पैसे दिले तरी चालतात.

टोपली कशासाठी? १५व्या शतकातले रब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्राएल इसर्लाइन सांगतात, सणाच्या जेवणाला कुणाचं ताट रिकामं राहू नये म्हणून. १६व्या शतकातले रब्बी श्लोमो अल्काबेत्झ यांच्या मते ती जिव्हाळ्यासाठी असते; एस्तेरच्या कथेत ज्यूंचा नाश करू पाहणाऱ्या हामान या मंत्र्याने राजाला सांगितलं होतं की हे लोक विखुरलेले आहेत, त्याला हे उत्तर. मला दुसरं कारण अधिक पटतं. ते मानलं तर निनावी टोपलीने काहीच साधत नाही, कारण कुणी आठवण काढली हे कळायलाच हवं. दानात नेमकं उलट. ज्यू धर्मशास्त्रकार मायमोनिडीजने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत ती वरून दुसरी.

मिश्लोआख मानोत फक्त ऐपतदारांनी द्यायचं असंही नाही. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात दोन विद्वान आपापलं जेवण एकमेकांना पाठवतात आणि तेवढ्याने कर्तव्य पुरं होतं. दानावर जगणाऱ्यालाही पुरीमला दान द्यावंच लागतं.

खरी ओढाताण खर्चाची. रिबिनी, सेलोफेन, शेजाऱ्याहून मोठी टोपली यांत पैसे जातात आणि गरिबांच्या वाट्याला किमान रक्कम उरते. मायमोनिडीजने १२व्या शतकातच स्पष्ट लिहिलं: मेजवानी आणि मित्रांच्या वाट्यांपेक्षा गरिबांवर जास्त खर्च करा. त्यामुळे आधी गरिबांची रक्कम बाजूला काढावी आणि उरेल त्यात टोपल्या भराव्यात, असंच मी म्हणेन. काही सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळं) सर्वांच्या नावे एकच टोपली पाठवतात आणि वाचलेले पैसे दानात देतात. मला ही पद्धत फार आवडते. मात्र अनेक घरांत उत्पन्नाचा दहावा भाग दानासाठी वेगळा काढलेला असतो, त्यातून पुरीमचं किमान दान भागवता येत नाही. तो पैसा आधीच गरिबांचा असतो.

कोकणातले बेने इस्राएल ज्यू पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत, कारण अदार आणि फाल्गुन यांच्या पौर्णिमा बहुधा जुळतात. कोकणात असो की जेरुसलेमात, दानाचा एक नियम या दिवसापुरता वेगळा आहे. एरवी मागणाऱ्याची चौकशी करायला मुभा असते. पुरीमला जो हात पुढे करील त्याला द्यायचं, काही न विचारता.