जास्वंद

जास्वंद हे उष्ण कटिबंधातील सदाहरित फुलझाड. शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, कुल माल्व्हेसी. भेंडी, कापूस आणि अंबाडी हे त्याचे जवळचे नातलग. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये या जातीची नोंद केली. १९६० पासून हे मलेशियाचे राष्ट्रीय फूल आहे. मुंबईत मात्र ते आधी गणपतीचे फूल, मग बाकी सारे.

गावठी लाल जास्वंदीला पाच पाकळ्या असतात. मधोमध पुंकेसरांची एकसंध नळी बाहेर डोकावते; तिच्यावर पिवळे परागकोश आणि टोकाशी पाच मखमली ठिपके, म्हणजे स्त्रीकेसराची कुक्षी. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. झुंबर जास्वंद आणि कधीच पुरती न उमलणारी मिरची जास्वंद या वेगळ्या जाती. मिरची जास्वंदीची तर प्रजातीही (जीनस) वेगळी.

फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. एका दिवसाचा हा मामला असल्याने झेंडूसारखा त्याचा साठा करता येत नाही. आदल्या दिवशी खुडलेली टपोरी कळी पाण्यात न ठेवताही दुसऱ्या सकाळी उमलते, एवढीच काय ती सवलत. मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या वाटेवर दूर्वांच्या जुडीशेजारी जास्वंद मांडलेली असते. संकष्टीला आणि गणेशोत्सवात तिचा भाव चढतो. म्हणूनच खिडकीच्या ग्रिलमध्ये एखादी तरी कुंडी हवी, असे अनेक घरांत वाटते.

पूजेखालोखाल उपयोग केसांसाठी. फुले खोबरेल तेलात मंद आचेवर उकळून ते तेल डोक्याला लावतात. पाने पाण्यात चुरली की बुळबुळीत लगदा होतो, त्याने केस धुतात. केस मऊ होतात हे खरे. टकलावर केस उगवण्याच्या गोष्टी बाटलीवरच्या लेबलापुरत्या. बाजारात जास्वंदीचा म्हणून मिळणारा आंबटगोड लाल चहा बहुधा लाल अंबाडीच्या बोंडांवरील मांसल निदलांचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाचा असतो.

लागवड छाट कलमांनी करतात. पावसाळ्याच्या तोंडाशी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची फांदी तिरकी कापून, खालची पाने काढून ओलसर मातीत खोचावी. साधारण महिना-दीड महिन्यात ती मुळे धरते. मोठ्या फुलांच्या हायब्रिड जाती बहुधा कलम बांधून विकतात. त्या देखण्या असल्या तरी मुंबईच्या पावसात मुळे कुजून दगावतात. पहिल्या झाडासाठी गावठी लालच घ्यावी.

नर्सरीतली नुसती लाल माती कुंडीत दगडासारखी बसते, तेव्हा तिच्यात शेणखत आणि कोकोपीट मिसळावे. खरी अडचण असते उन्हाची. समोर टॉवर उभा राहिला की झाड पानांनी भरते, पण कळी धरत नाही. तिथे केळीच्या सालींचे पाणी घालून काही साधत नाही. रोज चार-पाच तास थेट ऊन लागतेच. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून पाऊस ओसरल्यावर छाटणी करावी. पाण्याची हेळसांड झाली, कधी कोरडे तर कधी चिखल, की कळ्या न उमलताच गळतात.

पिठ्या ढेकूण हा जास्वंदीचा हाडवैरी. शेंड्याच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला आणि फांदीवर मुंग्यांची ये-जा सुरू झाली की समजावे. मुंग्या त्याच्या चिकट गोड स्रावासाठी येतात आणि त्याला राखतात, म्हणून त्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. आकसलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकावेत, उरलेले झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावे आणि कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात घुसळून आठवड्याच्या अंतराने फवारावे. फवारणी संध्याकाळी करावी. भर उन्हात पाने करपतात.

कुंडीखालच्या ताटलीतले पाणी मात्र साचू देऊ नये. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतात आणि पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरी आले की आधी त्या ताटल्याच तपासतात.