लेखा आक्षेप

लेखा आक्षेप : सरकारी कार्यालयाच्या जमा-खर्चात किंवा कारभारात लेखापरीक्षकाला आढळलेली आणि त्याने लेखी नोंदवलेली त्रुटी. कचेऱ्यांत त्याला आक्षेप क्वचितच म्हणतात, ‘पॅरा’ म्हणतात. पॅरा निघतो, वर्षानुवर्षे पडून राहतो आणि समाधानकारक उत्तर गेले तर ‘ड्रॉप’ होतो.

राज्य सरकारच्या कार्यालयांवर आक्षेप घेण्याचा अधिकार भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे आहे. संविधानाच्या अनुच्छेद 148 ते 151 आणि 1971चा कायदा हा त्याचा पाया. महालेखापरीक्षकांना नेमतात राष्ट्रपती, पण पदावरून दूर करायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच अवघड प्रक्रिया. निवृत्तीनंतर केंद्राकडे किंवा राज्याकडे दुसरे पद घेता येत नाही. संविधान सभेत 30 मे 1949 रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अधिकाऱ्याचे काम न्यायसंस्थेपेक्षाही महत्त्वाचे मानले होते.

नागपुरात सिव्हिल लाइन्समधले ‘एजी ऑफिस’, म्हणजे महालेखापालांचे कार्यालय, म्हटले की निवृत्त शिक्षक-कारकुनांना आठवते ती पेन्शनची फाइल. ते लेखा व हकदारीचे कार्यालय. विदर्भ आणि मराठवाड्याचे हिशेब, भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतन ते पाहते. लेखापरीक्षेचे कार्यालय निराळे. 1984 साली देशभर हिशेब लिहिणारे आणि तपासणारे वेगळे केले गेले, तेव्हापासूनची ही वाटणी. कचेऱ्यांत ‘एजीची पार्टी येतेय’ अशी कुजबुज होते ती या दुसऱ्या कार्यालयामुळे.

पार्टी, म्हणजे लेखापरीक्षकांचे पथक, कार्यालयात मुक्काम ठोकते आणि कॅशबुक, व्हाउचर, निविदांच्या फाइली, मोजमाप पुस्तिका मागवते. शंका आली की ‘हाफ मार्जिन’ निघते. कागद उभा दुमडून एका अर्ध्या भागात प्रश्न आणि दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा, म्हणून हे नाव. जागच्या जागी समाधान झाले तर विषय तिथेच मिटतो. न मिटलेले प्रश्न निरीक्षण अहवालात जातात आणि त्याला चार आठवड्यांत उत्तर द्यायचे असते. सगळी गंमत या मुदतीतच आहे. ती उलटली तरी कोणाचे फारसे बिघडत नाही, कारण लेखापरीक्षक विचारू शकतो, लिहू शकतो; वसुली किंवा शिक्षा त्याच्या हाती नाही.

नेहमीचे आक्षेप ठरलेले. तातडीच्या खर्चासाठी संक्षिप्त देयकावर (बोलीभाषेत ‘एसी बिल’) रक्कम उचलायची आणि तपशीलवार देयक द्यायचेच नाही. अनुदान वाटले, पण ते ठरल्या कामासाठी खर्चल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र नाही. निधी व्यपगत (वर्षअखेर रद्द) होऊ नये म्हणून 31 मार्चच्या आत कोषागारातून काढून खात्यात नुसता ठेवून दिला. यांत चोरी असतेच असे नाही. पण चोरी झाली असेल तर ती याच अंधारात लपते.

मोठ्या प्रकल्पांवर स्वतंत्र कार्यमान लेखापरीक्षा होते, म्हणजे पैशाबरोबर कामाचे फलितही तपासले जाते. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण हे विदर्भातले ठळक उदाहरण. 372.22 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी 1988 साली झाली. पुढे सुधारित खर्च 18 हजार कोटींच्या वर गेला. दिरंगाई, भूसंपादन आणि वाढत्या खर्चावर महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी बोट ठेवले.

जिल्हा परिषद, नगरपालिका यांची तपासणी 1930च्या कायद्यानुसार स्थानिक निधी लेखापरीक्षा करते. ती राज्याच्या वित्त विभागाखाली येते, तेव्हा तिला स्वतंत्र म्हणताना हात आखडता घ्यावा लागतो. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक तर महापालिकेतच बसतो.

निवडक आक्षेप दिल्लीच्या मंजुरीनंतर अहवालात येतात. तो राज्यपालांमार्फत विधिमंडळात मांडला जातो. 1953च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते आणि विधानभवनही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. शेजारच्या कचेरीत लिहिलेला पॅरा असा दिल्ली-मुंबई फिरून परत शेजारी येऊ शकतो, तोही पुष्कळदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे चर्चेला वेळ उरत नाही. पुढे आमदारांची लोकलेखा समिती संबंधित विभागाच्या सचिवांची साक्ष घेते आणि शिफारशी करते. त्यांवरची कारवाई मात्र त्याच विभागाने करायची असते.