घोटीव गिलावा

घोटीव गिलावा : भिंतीवर चढविलेल्या चुना, सिमेंट, जिप्सम किंवा मातीच्या लेपाचा शेवटचा थर अर्धवट सुकलेला असताना थापीने अथवा गुळगुळीत दगडाने दाबून घासला, म्हणजे मिळणाऱ्या सपाट, नितळ पृष्ठास घोटीव गिलावा म्हणतात. गुळगुळीतपणा थापीच्या जोरावर येतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो खालच्या थराची सरळता आणि लेपातून पाणी निघून जाण्याची वेळ या दोन गोष्टींवर ठरतो.

‘गिलावा’ हा शब्द फार्सी ‘गिल’ (माती, चिखल) याच्याशी संबंधित मानतात. ‘गिलाबा’ हे रूप त्यास जवळचे आहे. हिंदी ‘गीला’ (ओला) या शब्दाशी नाते जोडण्याचा मोह होतो. तथापि अर्थाच्या दृष्टीने फार्सी व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक दिसते. हिंदीत गिलावा म्हणजे विटा-दगड सांधण्याचा चिखल. मराठीत मात्र तो शब्द भिंतीच्या अंगावरील लेपासाठी स्थिरावला. संस्कृत ग्रंथांत लेप आणि सुधा हे शब्द येतात. सुधा म्हणजे चुना. ‘सुधाधवल’ (चुन्यासारखे पांढरेशुभ्र) हे विशेषण त्यावरूनच आले.

या विषयावरील जुन्या उल्लेखांपैकी विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र हा भाग महत्त्वाचा आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पाचवे ते सातवे शतक असा धरतात. निश्चित काळाविषयी एकमत नाही. चित्रासाठी भिंत तयार करताना विटांची पूड, माती, चुना, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल, बेलाचा गर इत्यादींचा लेप द्यावा, तो पुरेसा मुरू द्यावा आणि नंतर घोटावा, असा त्यातील सूचनांचा आशय आहे. लेप मुरविण्यावर तेथे दिलेला भर आजच्या कारागिराच्या अनुभवाशी जुळतो.

अजिंठ्याच्या लेण्यांत खडकावर लोहयुक्त मातीचा खडबडीत थर दिलेला असून त्यात साळीचे तूस आणि वनस्पतींचे धागे आढळतात. त्यावर चुन्याचा अगदी पातळ थर व त्यावर चित्रण आहे. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढली की वाळलेल्या पृष्ठावर, हा वाद पूर्वी बराच झाला. रंगद्रव्ये सेंद्रिय बंधकात कालवून वाळलेल्या पृष्ठावर लावली, हे मत आता बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. कालनिर्णयही वादग्रस्त आहे. नंतरच्या टप्प्यातील लेणी पाचव्या ते सातव्या शतकांत पसरलेली मानीत. अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी हा काळ सुमारे 462 ते 480 एवढा आखूड धरला. हे मत मान्य केल्यास गिलावा मुरण्यास कारागिरांना फारशी सवड नव्हती असे म्हणावे लागते. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. ते अजिंठ्यात आढळत नाहीत. वेरूळच्या गिलाव्याला कीड कमी लागण्याचे श्रेय अभ्यासकांनी या धाग्यांना दिले आहे.

चुन्याचा गिलावा : घोटाईसाठी चुन्यासारखा पदार्थ नाही. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवून मिळणारा लगदा जितका मुरेल तितके त्यातील स्फटिक बारीक व चपटे होतात आणि लेप लोण्यासारखा पसरतो. तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना कंत्राटदाराने वापरू नये, असा जुना रोमन नियम प्लिनी या रोमन लेखकाने नोंदविला आहे. महाराष्ट्रात चुना व वाळू चुन्याच्या घाण्यात दळीत. दगडी चाकाची ही वर्तुळाकार चर अनेक किल्ल्यांवर आजही पाहावयास मिळते. बैल फिरवून दळलेला चुना चिवट होई. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, कोठे बेलफळाचा गर घालीत. कोकण व गोव्यात समुद्रातील शिंपल्यांचा चुना वापरीत.

लावलेला चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट) बनतो. ही क्रिया पृष्ठाकडून आत जाते व ओलाव्यावाचून थांबते. म्हणून चुन्याची भिंत घाईने वाळविता येत नाही. थर घट्ट होत असताना दाबल्यास कण एकमेकांत बसतात, रंध्रे मिटतात आणि प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. भिंतीची चमक ही मूलतः या दाबातून येते. जयपूरची आराइश याचे उत्तम उदाहरण होय. मुरवलेल्या चुन्यात संगमरवराची पूड मिसळून पातळ थर देतात, अकीक दगडाने घोटतात आणि शेवटी खोबऱ्याच्या तेलाचा हात फिरवितात. मद्रासच्या चुन्याची कृती आयझॅक पाइक यांच्या टिपणामुळे 1732 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा या संदर्भात विशेष अभ्यसनीय आहे. तेथील संगमरवर मुख्यतः जोत्यालगतच्या पट्ट्यात व घुमटावर आहे. मधला भाग काळ्या दगडाचा असून त्यावरील घोटीव गिलावा दुरून संगमरवर भासतो. मकबरा आझमशहाने बांधला असे परंपरेने सांगतात. पण औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याचा जन्म 1653 चा, ज्या दिलरस बानूचा हा मकबरा त्या औरंगजेबाच्या बेगमेचा मृत्यू 1657 चा आणि बांधकाम 1660–61 च्या सुमाराचे. तेव्हा काम औरंगजेबाच्या आज्ञेने झाले असणे अधिक संभवनीय वाटते.

पश्चिम भारतात या परंपरेचा अलीकडचा धागा म्हणजे नीरू. विरवून चाळलेल्या, बारीक वाटलेल्या शुद्ध चुन्याचा हा थर सिमेंटच्या गिलाव्यावर तो ओला असतानाच देत. सार्वजनिक बांधकामांच्या दरसूचींत ‘नीरू फिनिश’ ही बाब बराच काळ होती. पुट्टी आणि जिप्समने तिची जागा घेतली.

सिमेंटचा गिलावा व नवशिक्याचे काम : भिंतीच्या आतील अंगास साधारणतः 12 ते 15 मिमी. जाडीचा, एक भाग सिमेंट व चार ते सहा भाग वाळू या प्रमाणाचा गिलावा देतात. यासाठीची भारतीय मानक संहिता आयएस 1661 ही आहे. विटांचे सांधे सुमारे 10 मिमी. खोल खरवडून भिंत धुतात व भिजवितात. कोरडी वीट मालातील पाणी ओढून घेते. मग थर सपाट करण्याच्या पट्टीखाली फाटतो आणि पुढे ठोकल्यास पोकळ वाजतो. भिंत निथळती ओली असली तर माल खाली घसरतो. पृष्ठ ओलसर, पण पाणी न चमकणारे असावे.

ओळंबा लावून भिंतीवर ठरावीक अंतराने समपातळीतील खुणेचे ठिपके घालतात, ते उभ्या पट्ट्यांनी जोडतात आणि मधली जागा मालाने भरून लांब पट्टी खालून वर, आडवी हलवीत ओढतात. नवशिक्याचे बहुतेक दोष येथेच जन्मतात. येथे राहिलेला खळगा पुढे पुट्टीने झाकता येत नाही. रंग झाल्यावर खिडकीच्या तिरप्या उजेडात तो दिसतोच. यासाठी दिवा भिंतीलगत धरून कामाच्या वेळीच तपासणी करावी.

पट्टीनंतर लाकडी रंधा (गवंड्याची मुठीची सपाट फळी) गोल फिरवितात. त्याची वेळ बोटाने ओळखतात : बोट टेकविल्यास ठसा उमटावा, पण माल बोटाला चिकटू नये. लोखंडी थापी याहून उशिरा. थापीची पुढची कड किंचित उचललेली ठेवावी. सपाट धरल्यास ती लेपाला चिकटून पापुद्रा ओढून काढते. पहिला हात हलका, नंतरचा अधिक दाबाचा व अधिक तिरपा. थोडी जागा पुरी करून मगच पुढे सरकावे हा मोह टाळावा. हाती घेतलेल्या संपूर्ण भागात एकच अवस्था राखणे हे खरे कौशल्य आहे.

फार घोटल्याने नुकसान होते. ओला माल वारंवार थापल्यास सिमेंटचा बारीक रस वर येतो, वाळू खाली राहते आणि तो रस वाळताना आकसून जाळीदार भेगा पडतात. पाणी लवकर शोषावे म्हणून कोरडे सिमेंट भुरभुरण्याची चालही याच कारणाने घातक आहे. पूर्ण झालेला गिलावा किमान सात दिवस ओला ठेवतात.

जिप्समचा गिलावा सुमारे 150° से. तापमानास अंशतः निर्जल केलेल्या जिप्समपासून होतो. त्यात वाळू नसते, पाणी मारावे लागत नाही आणि पृष्ठ सहज नितळ येते. परंतु घट्ट होण्याचा अवधी साधारण अर्ध्या तासाचा असल्याने घमेल्यात थोडाच माल कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नये. ओल असलेल्या भिंतीस व बाहेरील अंगास तो चालत नाही.

मातीचा गिलावा : देशावरील धाब्याच्या घरांत पांढरी माती, भुसा व शेण तुडवून, मुरवून भिंतीस लावतात. हा लेप हाताच्या तळव्याने दाबतात व नंतर सारवणाचे पोतेरे फिरवून सारखा करतात. पातळ सारवण वेळोवेळी दिल्याने भेगा बुजत जातात.