शून्यावरची पट्टी

जुलै २०२५मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत खेळत होती, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचे डोळे पटापेक्षा पडद्याच्या कडेच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर. कोणाची बाजू किती वरचढ, हा संगणकाचा अंदाज ही पट्टी दाखवते; मध्यावर म्हणजे शून्य. पट्टी मध्यावर आली की "काही नाही, बरोबरी आहे" म्हणत कुणीतरी चहा ठेवायला उठायचं. पण पट्टी मध्यावर असतानाही डाव पेटलेला असू शकतो.

'फ्रेंच बचाव' ही डावाची एक सुरुवात घ्या (अक्षर म्हणजे पटावरची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ; नुसतं घर लिहिलं तर चाल प्याद्याची). १. ई४ ई६ २. डी४ डी५. इथं पांढऱ्यानं डी५वर मारामारी केली, तर प्यादी आरशात पाहिल्यासारखी सारखी होतात. त्याऐवजी ३. घोडा सी३, उंट बी४ झालं की 'विनावर' हा या बचावाचा उपप्रकार सुरू. ४. ई५ सी५ ५. ए३, आणि काळा खेळाडू आपला उंट देऊन घोडा मारतो. तो उंट मारताना पांढऱ्याची सी-पट्टीतली प्यादी एकामागे एक अडकतात, पण दोन्ही उंट त्याच्याकडे राहतात. काळ्याचा काळ्या घरांचा उंट गेला, म्हणजे जी७चा राखणदारच गेला. म्हणून ७. वजीर जी४! काळा वजीर सी७वर आणतो आणि जी७, एच७ ही दोन्ही प्यादी सोडून देतो. मग सी५चं प्यादं डी४वर मारतं, सी-पट्टी उघडते. आता काळ्या वजिरानं सी३ मारलं, तर राजाला शह आणि कोपऱ्यातला हत्तीही तावडीत. हे टाळायला काही खेळाडू पांढरा राजाच चालवत डी१वर नेतात, किल्लेकोटाचा हक्क सोडून! पांढऱ्याकडे एच-पट्टीत मोकळं प्यादं, काळ्याकडे मध्यावर प्याद्यांची फळी. यांची तुलना कुठल्या तराजूत करणार?

पडद्यावरची पट्टी ती तुलना एका आकड्यात करते. स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमच्या २०२२च्या १५.१ आवृत्तीपासून 'अधिक एक' (+१) म्हणजे एक प्यादं जास्त असं राहिलेलं नाही. स्टॉकफिश स्वतःशीच खेळला तर निम्मे डाव जिंकेल, असा त्याचा अर्थ. म्हणजे दोन्ही बाजूंनी यंत्रच खेळणार हे त्यात गृहीत आहे. बरोबरी टिकवणारी एकच चाल असेल तर यंत्राला ती सापडते, घड्याळात दोन मिनिटं उरलेल्या माणसाला सापडेलच असं नाही. त्यामुळे 'हे ओपनिंग पाठ करा, हमखास जिंका' अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. विनावर पाठ करून आलेला मुलगाही पाठ चाली संपल्या की स्वतःच्याच डोक्यानं खेळतो.

अशा बुद्धिबळ-प्रोग्रॅमांच्या आपसातल्या 'टीसीईसी' स्पर्धेत तर सुरुवातीच्या चाली आयोजकच ठरवून देतात, मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या. मोकळं सोडलं तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. अन्याय नको म्हणून तीच सुरुवात रंग बदलून पुन्हा खेळवतात.