घाटात तापलेली गाडी आणि विहिरीचं पाणी

मे महिन्यात आंबोली घाटात वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्या दिसतात. जमलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी आहे का?" मी मात्र आधी विचारतो, गाडी नेमकी केव्हा तापली?

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंच. माणसं-सामान धरून १००० किलोची गाडी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून तिथवर न्यायची, तर नुसत्या उंचीपायी सुमारे ६८ लाख ज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतं आणि साधारण तिसरा हिस्सा कूलिंगच्या पाण्यात उतरतो. हिशेब मांडला तर एवढ्या उष्णतेत न्हाणीघरातल्या बंबातलं २५ लिटरहून जास्त पाणी उकळेल. छोट्या गाडीत मात्र फिरणारं पाणी असतं तीन-चार लिटर. तेच पुन्हा पुन्हा रेडिएटरमध्ये जाऊन उष्णता वाऱ्याला देतं, म्हणून निभतं.

सावंतवाडीच्या बाजारात गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की तापमानाचा काटा उतरतो, तर संशय फॅनवर. धावत्या गाडीच्या जाळीत वारा आपोआप शिरतो, उभ्या गाडीला फॅनच लागतो. फ्यूज, रिले, सेन्सरची वायर, मोटर या क्रमाने बघायचं. सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटांतच तापली आणि रेडिएटर गारच राहिला, तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद स्थितीत अडकला असण्याची शक्यता मोठी. सपाटीला ठीक, चढावर तापते, तर रेडिएटर चोंदलेला.

आमच्या गाडीचं दुखणं हेच निघालं. घर समुद्राजवळ. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं, आणि वर्षानुवर्षं आम्ही तीच कळशी रेडिएटरमध्ये ओतत आलो. मिठातलं क्लोराइड अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर फोडतं आणि धातूला बारीक खड्डे पडू लागतात. कॅल्शियमच्या क्षारांची तऱ्हा आणखी वेगळी. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. त्यामुळे त्याचं कीटण जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथेच म्हणजे हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) आसपास धरतं. ते अॅल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता शंभरेक पटींनी कमी वाहून नेतं. बाहेरून खारा वारा रेडिएटरच्या पातळ पत्र्या कुरतडतो, जांभ्याची तांबडी धूळ त्यांच्या फटी बुजवते. पत्रीवर बोट फिरवलं आणि ती भुगा होऊन पडली, तर धुण्यात वेळ घालवू नका, रेडिएटर बदला. आत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

गॅरेजमध्ये पुष्कळदा थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळतो. तो मला मुळीच पटत नाही. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत फिरतो. मूळ दोष तसाच राहतो.

कुठेही गळती नसताना पाणी कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय, तर हेड गॅसकेट (हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील) गेलंय असं धरून गाडी टो करून न्या. आणखी एक फसवी खूण म्हणजे चढावर वर गेलेला काटा अचानक खाली येणं. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. अशा वेळी लगेच इंजिन बंद करा.

रेडिएटरचं झाकण पाणी दाबाखाली ठेवतं, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. ५० ग्रॅम पाण्याची ८० लिटरहून जास्त वाफ होते, आणि ती थेट तोंडावर येते. काटा चढताना दिसला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. तेवढीच थोडी उष्णता बाहेर जाते. वाफ दिसली तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास थांबा. झाकण कोमट लागलं की जाड फडकं धरून हळू फिरवा, पाणी थोडं थोडं ओता. तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडला गार पाण्याचा एकदम धक्का बसला तर ते वाकतं, आणि मग हेड उतरवून फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्यावं लागतं.