दावा पोलिसावर, भरपाई शहराच्या तिजोरीतून

अमेरिकेत पोलिसाने विनाकारण मारहाण केली किंवा वॉरंटशिवाय घरात शिरला, तर नुकसानभरपाईचा दावा बहुधा फेडरल (केंद्रीय) संहितेच्या कलम १९८३ खाली लागतो. मूळ कायदा २० एप्रिल १८७१ चा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीने कृष्णवर्णीयांवर हल्ल्यांचा सपाटा लावला होता. तिथले शेरीफ आणि न्यायाधीश डोळेझाक करत, काही तर टोळीलाच सामील होते. राज्यात दाद मिळेना, म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, फेडरल न्यायालयाचे दार उघडले: सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी घटनात्मक हक्क हिरावला, तर त्या माणसालाच कोर्टात खेचा. मजकुरात अधिकाऱ्याला सवलत देणारे अक्षरही नव्हते. पुढे आल्या त्या सगळ्या सवलती न्यायालयांनी दिलेल्या.

जवळपास ९० वर्षे या कलमाचा पोलिसांना फारसा धाक नव्हता. ऑक्टोबर १९५८ मध्ये शिकागोत १३ पोलीस पहाटे एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात वॉरंटशिवाय घुसले. नवरा-बायकोला दिवाणखान्यात नग्न उभे केले, घर उसकटले, नवऱ्याला दहा तास डांबून ठेवले आणि आरोप न ठेवताच सोडून दिले. पोलिसांचा बचाव असा, की आमच्या हातून राज्याचाच कायदा मोडला असेल, तर ते कृत्य ‘सरकारी अधिकारात’ कसे बसेल? १९६१ मध्ये ‘मन्रो विरुद्ध पेप’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. अधिकाराचा गैरवापरही अधिकाराचाच वापर ठरला. मात्र त्याच निकालाने शिकागो शहराला मोकळे सोडले. शहरांवर दावा लावता येऊ लागला १९७८ पासून, तोही अन्याय शहराच्या धोरणातून किंवा रुळलेल्या प्रथेतून झाला असे सिद्ध केले तरच.

दरम्यान अधिकाऱ्यांभोवतीही तटबंदी उभी राहत होती. मिसिसिपीतल्या बस स्थानकावर वर्णभेद झुगारणाऱ्या १५ धर्मगुरूंना अटक झाली होती. त्यांनी पोलिसांवर लावलेल्या दाव्यात १९६७ साली न्यायालयाने पोलिसांना ‘सद्हेतूचा’ बचाव दिला. १९८२ मध्ये हेतूचा प्रश्नही मागे पडला. हक्क आधीच ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ होता का, एवढेच पाहायचे; नसेल तर अधिकारी सुटला. यालाच ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ म्हणतात. प्रत्यक्षात वकिलाला जवळजवळ तशाच घटनेचा जुना निकाल शोधावा लागतो. २००९ पासून तर हक्कभंग झाला की नाही हे न ठरवताही न्यायाधीश दावा निकालात काढू शकतात. मग पुढच्या फिर्यादीला दाखवायला जुना निकाल येणार कुठून? मला हा पेच सगळ्यात विचित्र वाटतो.

तक्रारींचा रस्ता वेगळा, आणि तो बव्हंशी पोलीस खात्याच्या आतच फिरून येतो. न्यूयॉर्कमध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी १९६६ मध्ये तक्रार मंडळावर नागरिक नेमले. पोलीस संघटनेने त्याच वर्षी सार्वमत घडवून ते हाणून पाडले. पूर्णपणे नागरिकांचे मंडळ यायला १९९३ उजाडले. तिथल्या पोलिसांचे शिस्तभंगाचे कागद १९७६ च्या कायद्याने गोपनीय झाले होते, ते मिनीआपोलिसमध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जून २०२० मध्ये खुले झाले. तोवर दावा लावणाऱ्याला समोरच्या अधिकाऱ्यावर पूर्वी किती तक्रारी झाल्या हे सहजासहजी कळत नसे.

आणि पैसे? कायद्याच्या प्राध्यापक जोआना श्वार्ट्झ यांनी २००६ ते २०११ या काळातल्या भरपाया तपासल्या, तेव्हा ९९.९८ टक्के रक्कम सरकारी तिजोरीतून गेलेली निघाली. फ्लॉइडच्या कुटुंबाला २०२१ मध्ये तडजोडीने मिळालेले २ कोटी ७० लाख डॉलरही मिनीआपोलिस शहराचेच.

कोलोरॅडोने २०२० मध्ये राज्याच्या न्यायालयांपुरता ‘क्वालिफाइड इम्युनिटी’चा बचाव काढून टाकला. अधिकारी सद्हेतूने वागला नाही असे त्याच्या खात्याने ठरवले, तर भरपाईच्या ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, यांतली कमी असेल ती रक्कम तिथे त्याच्या खिशातून जाते. फेडरल कायद्यातून तो हटवणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने दोनदा मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडकले.